कुत्रं आणायला गेलो आणि आधी आमचीच चौकशी झाली

सांगलीत राहून शेल्टरमधनं कुत्रं घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी लिहितोय. आमच्याकडे आणून पाच महिने झाले, म्हणून आता बोलायला हरकत नाही, पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या. शेल्टरचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. नाव-पत्ता फिरला की लोक रात्री गेटबाहेर खोक्यात पिल्लं ठेवून पळून जातात असं त्यांनीच सांगितलंय. मिरजेच्या बाजूला आहे, खरंच पाहिजे असेल तर तुमच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारा.

पोरीला पिल्लू पाहिजे होतं. मला खरं तर कारवान, म्हणजे शिकारी जातीचा कुत्रा, पाहिजे होता, जतच्या पाहुण्यांकडे आहे एक, सशामागं सुटला की नुसती धूळ दिसते. पण विश्रामबागेत टू बीएचकेमध्ये तसलं जनावर ठेवणं म्हणजे त्याचेच हाल, आणि बायको म्हणाली विकत आणायचं नाही, रस्त्यावर एवढी आहेत ती काय कमी आहेत का. विषय संपला.

पहिली तक्रार फोनची. सात वेळा लावला, कोणी उचलत नाही, व्हॉट्सॲपवर दोन दिवसांनी उत्तर, रविवारी ११ ते १ मध्ये या आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन या. सगळ्यांना कशाला? गेल्यावर कळलं. चार पानांचा फॉर्म, आधार कार्ड, गॅलरीचा फोटो, आणि वर प्रश्न. दिवाळीला गावाला गेलात तर कुत्रं कुठं राहणार, दिवसभर घरात कोण असतं, भाड्याचं घर असेल तर मालकाचं पत्र, उद्या नको झालं तर परत इथंच आणून द्यायचं, परस्पर कुणाला द्यायचं नाही, खाली सही करा. आई मला हळूच म्हणाली, तुझ्या बहिणीच्या लग्नात आपण एवढी चौकशी केली नव्हती रे.

आणि एवढं सगळं भरून घेऊन पिल्लू द्यायला चक्क नाही म्हणाले! तिथली मुलगी असेल पंचविशीची, तिनं सरळ तोंडावर सांगितलं, काका तुम्ही दोघं कामाला, पोरगी शाळेला, दिवसभर घरात आजी एकट्या, त्यांचे गुडघे दुखतात. पिल्लू चावणार, घरभर मुतणार, लसींचे सगळे डोस होईपर्यंत बाहेर नेता येणार नाही, पार्वो म्हणजे पिल्लांचा जीवघेणा आजार झाला तर हातातनं जाईल, हे सगळं आजींच्या गळ्यात पडणार. राग आला मला. तासभर तोंड पाडून बसलो, पोरगी रडली. मग त्यांनी ब्राउनी दाखवली. साधी गावठी, तांबूस, एका कानाचं टोक कापलेलं.

कानाचं आधी सांगतो, कारण सोसायटीत रोज एकजण विचारतो कुणी चावलं म्हणून. नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना लांबून ओळखता यावं म्हणून ऑपरेशनच्या वेळीच भूल असताना ती खूण करतात. वय तीन-चार वर्षं, तेही दातांवरनं अंदाजानं. मला वाटलं आता म्हणणार महापुरातनं वाचवलेली, कारण आपल्याकडे २०१९ नंतर प्रत्येक कुत्र्याची हीच स्टोरी असते. पण ती म्हणाली नाही हो काका, मार्केट यार्डाजवळ मिळाली, पाय मोडला होता. तिथं मला जरा बरं वाटलं, गोष्ट रंगवून गळ्यात मारत नाहीत.

उलट खोडीच जास्त सांगितल्या. बुलेटच्या आवाजाला पलंगाखाली जाते, हातात छत्री किंवा काठी असलेल्या माणसावर भुंकते, जेवताना ताटलीजवळ हात नेला तर गुरगुरते. तंतोतंत खरं निघालं. पण आधीच माहीत असल्यामुळं ताटली ठेवली की आम्ही लांब होतो, आजतागायत कुणाला दात लागलेला नाही. हे जर लपवलं असतं तर पहिल्या चार दिवसांतच कुत्री परत गेली असती.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. निघताना तिनं विचारलं, घरात बेदाणा असतो का? आता सांगलीत हे काय विचारणं झालं, मामाची तासगावला बाग आहे, आमच्याकडं बेदाण्याचा डबा फ्रिजशेजारी बारा महिने उघडाच. ती म्हणाली आजपासून वर ठेवा. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विष आहेत, किडनी निकामी होऊ शकते, किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, त्यामुळं थोडं चालतं असं धरायचंच नाही, पोटात गेलेच तर त्रास व्हायची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे. कांदा-लसूण पण नाही, म्हणजे भडंग पण बंद. मी बेचाळीस वर्षं सांगलीत काढली, मला हे माहीत नव्हतं. मामाला सांगितलं तर तो रुसला, म्हणे आमच्या मालात काय खोट आहे.

दुसरी तक्रार मोठी आहे. देताना तब्येत एकदम ओके म्हणाले, रेबीज आणि बाकीच्या लसींचं कार्ड दिलं, आणि नवव्या दिवशी हिचं खाणं बंद, अंग तापलेलं, हिरड्या पांढऱ्या. डॉक्टरनी रक्त तपासलं, प्लेटलेट्स खाली, गोचीड ताप. चार आठवडे गोळ्या चालल्या. गोचिडी चावल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पण निघतो म्हणे हा आजार, म्हणजे तिथनंच घेऊन आली असणार. मान्य आहे, एवढ्या कुत्र्यांत गोचीड होणारच, पण द्यायच्या आधी एक रक्ताची तपासणी करा की, पैसे आम्ही भरतो. फोन केला तेव्हा मात्र त्या मुलीनं चक्क पहिल्या रिंगला उचलला आणि संध्याकाळी स्वतः घरी आली, हे पण लिहायला पाहिजे.

चेअरमननी अपेक्षेप्रमाणे कुरकुर केली. शेल्टरवाल्यांनी फाइलमध्ये प्राणी कल्याण मंडळाच्या सूचनांचा कागद घालून दिला होता, सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही असा. तो दाखवला, चहा पाजला, मिटलं. लिफ्टमध्ये पट्टा आणि शी आपण उचलायची एवढं आम्ही पण कबूल केलं.

बाकी पाच आठवडे ती दारामागच्या कोपऱ्यातच बसायची. मग एक दिवस आईच्या पायाशी येऊन झोपली, का ते तिलाच माहीत. आईला ब्राउनी म्हणता येत नाही, ती भवानी म्हणते, आणि कुत्री पण आता भवानीलाच ओ देते, ब्राउनी म्हणलं तर बघत पण नाही.

पाचातले चार स्टार. अर्धा फोनचा कापला, अर्धा रक्ततपासणीचा. पैसे काही घेत नाहीत. जाताना घरातल्या जुन्या चादरी घेऊन जा, त्यांना लागतात. एक मात्र गाडीत राहू द्या, मिरजेतनं विश्रामबागेत येईपर्यंत आमची दोनदा ओकली.