आजीची सागवानी पेटी, सिगार आणि न बसणारे झाकण : १० महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात पेटीतून काढलेल्या सिगारचे वरचे पान बोटांखाली पापडासारखे तडकले, तेव्हाच हा अनुभव लिहिण्याचे मी ठरवले होते. परंतु पाठोपाठ पावसाळा आला आणि माझे मत अर्धेअधिक बदलले, म्हणून सप्टेंबरपर्यंत थांबलो. सिगार कोरडे पडू नयेत आणि त्यांना बुरशीही लागू नये म्हणून ते ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत ठेवायचे असतात; आजीच्या जुन्या पेटीत ती आर्द्रता राखण्याचा हा खटाटोप.

पेटी सागवानी, पितळी पट्ट्यांची. तयार ह्युमिडॉरच्या, म्हणजे सिगार ठेवायच्या खास पेटीच्या, किमती पाहिल्यावर, घरात फुकटची पेटी असताना पैसे कशाला घालवायचे, असा हिशेब मी केला. तो पुढे किती चुकला ते येईलच. पेटीत वर्षानुवर्षे पैठण्या आणि डांबरगोळ्या राहिल्या होत्या. तो वास काढायला महिनाभर ऊन आणि दोनदा घासकागद लागला, तरीही जो उरला तो आतल्या अस्तराखाली दाबला. साग तेलकट असतो, त्याला स्वतःचा वास असतो आणि तो ओलावा सहजासहजी धरत नाही, त्यामुळे अस्तर लावावे लागणारच होते. यासाठी नावाजलेले ‘स्पॅनिश सीडार’ हे खरे तर देवदाराच्या नव्हे, महोगनीच्या कुळातले लाकूड. आपल्याकडचा तूण वृक्ष हा त्याचा जवळचा भाऊबंद, आणि सिगारच्या खोक्यांसाठी तो पूर्वापार वापरात आहे. पुण्याच्या टिंबर मार्केटमधून तुणाच्या ६ मिलिमीटर जाडीच्या फळ्या १,८०० रुपयांत आणल्या.

सुताराला तीनदा बजावले होते की आतून पॉलिश करायचे नाही, कारण मग लाकूड ओलावा शोषत नाही. पेटी घरी आली ती आतून आरशासारखी चकाकत. ‘पॉलिशशिवाय लाकूड नागडे दिसते,’ हे त्याचे उत्तर. वाद घालून ५०० रुपये कमी करून घेतले, तरी मजुरीचे २,५०० गेलेच, आणि ते पॉलिश खरवडण्यात माझे दोन रविवार गेले.

त्यानंतरचे काम सरळ होते. आर्द्रतामापक बरोबर आहे का हे तपासायला, बाटलीच्या झाकणात ओलसर मीठ आणि तो मापक एका हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवले. ओलसर मिठाशेजारी ७५ टक्के दिसायला हवे होते, तेथे ७१ दिसले, म्हणजे ६०० रुपयांचे ते यंत्र ४ अंकांनी कमी सांगते. मग बोव्हेडा पुड्या, म्हणजे ठरावीक आर्द्रता राखणाऱ्या तयार पुड्या, आणल्या; त्यातल्या ८४ टक्क्यांच्या घालून लाकूड मुरवले, म्हणजे त्याला ओलावा पिऊ दिला. सांगतात दोन आठवडे, मला तीन लागले. मग ६९ टक्क्यांच्या पुड्या घातल्या. येथे एक गोष्ट मला उशिरा उमगली. ६० ग्रॅमची एक पुडी २५ सिगारमागे असे जे प्रमाण आहे, ते आत ठेवलेल्या सिगारचे नसून पेटीच्या क्षमतेचे आहे. माझ्याकडे सिगार तीसच आहेत, पण पेटी दीडशेची, त्यामुळे प्रत्येक वेळी पुड्या सहा लागतात. दोन्ही प्रकारच्या मिळून बाराचे ५,४०० रुपये झाले.

आता झाकण. जुन्या पेटीचे झाकण काठावर नुसते टेकते, कारण ते कपड्यांसाठी केलेले असते, हवा अडवण्यासाठी नव्हे. दहा रुपयांची नोट झाकणात धरून ओढून पाहिली, तर पुढच्या बाजूला ती थोडी अडली आणि बिजागरीच्या बाजूने अलगद निघून आली. रात्री दिवे घालवून पेटीत पेटता टॉर्च ठेवला, तेव्हा मागच्या काठावर उजेडाची रेघ दिसली. जानेवारीत मी या रेघेकडे दुर्लक्ष केले. एप्रिलमध्ये पुण्याची दुपारची हवा कोरडी ठणठणीत झाली, तीन फळ्या जोडून केलेले ते झाकण आकसून किंचित वाकले, आणि तीन महिने टिकायच्या पुड्या पाच आठवड्यांत कडक झाल्या. आणखी सहा पुड्या, आणखी २,७०० रुपये. तोवर माझे ठाम मत झाले होते की हा सगळा उद्योग म्हणजे शुद्ध मूर्खपणा आहे, कारण उरलेले पाच सिगार मी ३५० रुपयांच्या हवाबंद प्लास्टिक डब्यात एका पुडीसह टाकले होते आणि तेथे काटा ६९ वरून हलला नव्हता.

जूनच्या सुरुवातीला तुणाचीच ४ मिलिमीटरची पट्टी पेटीच्या तोंडाशी आतून अशी बसवली की ती काठाच्या वर अर्धा इंच येईल आणि झाकण तिच्यावर चढेल. जुलैत बाहेर ८५ टक्के आर्द्रता असताना पेटीत ७० च्या वर काटा गेला नाही. लाकूड फुगते ते रेषांच्या आडव्या दिशेने, त्यामुळे झाकण पट्टीवर असे घट्ट बसले की जी फट मी चार महिने शिव्या देत पाहिली, ती पावसाने स्वतःच बुजवली. आपल्याकडे वर्षातले चार महिने प्रश्न ओलावा आत राखण्याचा नसून बाहेर ठेवण्याचा असतो, आणि त्या कामात ही पेटी मला अनपेक्षितपणे आवडली. बुरशी कुठेही नाही. तंबाखूच्या किड्याच्या धास्तीने प्रत्येक नवा सिगार आधी तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये ठेवतो. त्यावरून घरात जे बोलले जाते ते येथे लिहीत नाही.

अडचण अशी की झाकण आता उघडत नाही. रंधा फिरवावा, तर येत्या एप्रिलमध्ये पुन्हा फट पडेल. न फिरवावा, तर पेटी धरायला दुसरा माणूस लागतो. मी रंधा फिरवणार नाही. फेब्रुवारीअखेर सगळे सिगार प्लास्टिकच्या दोन डब्यांत जातील आणि जूनमध्ये परत पेटीत येतील. काल पेटी धरायला बायकोला बोलावले, तेव्हा रिकाम्या महिन्यांत त्यात पैठण्या ठेवता येतील का, असे तिने विचारले. तुणाचा आणि तंबाखूचा वास लागेल, असे मी सांगितले. डांबरगोळ्यांपेक्षा बरा, असे तिचे म्हणणे पडले.