वाशीत मिळालेला इमिलाक उल्केचा काप

वाशीतील खनिज-नमुन्यांच्या एका दुकानातून घेतलेला इमिलाक उल्केचा पातळ काप मला मनापासून आवडला. चिलीच्या अटाकामा वाळवंटात १८२२ मध्ये आढळलेली ही अश्म-लोह उल्का पॅलासाइट प्रकारची असून, लोह-निकेलच्या चकचकीत जाळीत मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हिनचे (दागिन्यांतला पेरिडॉट तो हाच) पिवळसर-हिरवे स्फटिक जडलेले असल्यामुळे, काप उजेडासमोर धरताच ते रंगीत काचेसारखे उजळतात. ट्रॉयलाइट आणि श्रायबरसाइट ही गौण खनिजेही विक्रेत्याने भिंगाखाली आस्थेने दाखवली. मात्र कोरड्या वाळवंटात टिकलेले हे लोह खाडीकाठच्या दमट हवेत लवकर गंजते. त्यामुळे असा नमुना साध्या पुठ्ठ्याच्या डबीत न देता सिलिका जेलसह हवाबंद डबीतच द्यायला हवा.