मी आजारी पडलो त्या रविवारनंतर: सेवेतली डिजिटल साधनं, दहा महिन्यांचा अनुभव

त्या रविवारी मी तापाने अंथरुणात होतो आणि उपासनेला तासभर असताना फोन सुरू झाले. 'पास्टर, गाण्यांची फाइल कुठे आहे?' 'लॅपटॉपचा पासवर्ड काय?' 'आज शास्त्रपाठ कोणाचा?' तिसऱ्या फोनपर्यंत माझ्या लक्षात आलं की हौसेने जमवलेली सगळी साधनं माझ्याच डोक्यात आणि माझ्याच लॅपटॉपवर आहेत. शेवटी मंडळीने गीतपुस्तकं काढली आणि गायली. कोणाचं काही अडलं नाही, हे मला नंतर थोडं लागलंच.

बरा झाल्यावर सगळा पसारा पुन्हा मांडला आणि प्रत्येक साधनाला एकच प्रश्न विचारला: मी नसताना हे दुसऱ्या कोणाला चालवता येईल का? आता दहा महिने झालेत. एखाद्या पाळकाला, मंडळीच्या वडिलांना (एल्डरना) किंवा रविवार शाळेच्या शिक्षकाला उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी ओपनएलपी, कारण सर्वांत जास्त घाम इथेच गाळला. पडद्यावर गाणी आणि वचनं दाखवण्याचं हे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. आधी आम्ही प्रत्येक रविवारी नवं प्रेझेंटेशन बनवायचो. एकच गीत सतरा फाइलींत, आणि प्रत्येकीत वेगळी चूक. इथे गीत एकदाच भरायचं, कडवी आणि ध्रुवपद वेगळं नोंदवायचं आणि क्रम ठरवून द्यायचा. मग ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर आपोआप येतं. शीर्षक आठवत नसलं तरी मधल्या ओळीतल्या दोन शब्दांवरून गीत सापडतं, ही सोय तर मला फारच आवडली.

घाम गाळला तो गाणी भरताना. आमची जुनी गाणी युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेली होती. ती नव्या जागी चिकटवली की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फॉन्ट-परिवर्तकाने बरंचसं सुधारतं, पण त्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने टंकलेली असतात, म्हणून रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. 'सर्व'चं काय काय झालं ते इथे लिहीत नाही. तरुण संघातल्या तिघांनी दोन महिने शनिवारी बसून गीतं ओळ न् ओळ तपासली. आज मागे वळून बघतो तर हेच काम सगळ्यात मोलाचं ठरलं. कारण गाणी तपासता तपासता तिघंही सॉफ्टवेअर शिकले. मी शिकवायला वेगळा बसलोच नाही.

ओपनएलपी मोबाइलच्या ब्राउझरवरूनही चालवता येतं. फोन आणि लॅपटॉप एकाच वाय-फायवर हवेत इतकंच. त्यामुळे पडद्यावर गीत पुढे सरकवणारी मुलगी आता गायनपथकातच उभी राहून पडदा सांभाळते. कडवं कधी बदलायचं हे गाणाऱ्याइतकं कोणाला कळणार?

संदेशाच्या तयारीसाठी मी स्टेप बायबल वापरतो. केंब्रिजच्या टिंडेल हाउस या बायबल-संशोधन संस्थेत तयार झालेलं हे मोफत साधन आहे आणि संगणकावर उतरवून इंटरनेटशिवायही चालतं. शब्दावर टिचकी मारली की मूळ हिब्रू किंवा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ आणि तो आणखी कुठे कुठे आला आहे ते दिसतं. याच्या मुळाशी आहेत जेम्स स्ट्राँग यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या बायबलच्या शब्दसूचीतले क्रमांक, प्रत्येक मूळ शब्दाला एक. ग्रीक येत नसलेल्या माझ्यासारख्याला ही मोठीच चावी मिळाली.

पण या चावीने एकदा माझीच फजिती केली. योहान २१ मध्ये प्रभू येशू पेत्राला तीनदा विचारतो, 'तू माझ्यावर प्रेम करतोस का?' मूळ ग्रीकमध्ये पहिल्या दोन वेळा 'अगापाओ' क्रियापद आहे, तिसऱ्या वेळी 'फिलेओ', आणि पेत्र तिन्ही वेळा 'फिलेओ'नेच उत्तर देतो. मी यावर अर्धा संदेश उभा केला: एक दैवी प्रेम, दुसरं नुसता स्नेह. उपासनेनंतर आमच्या एका निवृत्त शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, 'पास्टर, मग योहान ५:२० मध्ये पिता पुत्रावर प्रेम करतो तिथे कोणता शब्द आहे?' घरी येऊन पाहिलं. फिलेओ! आणि ३:३५ मध्ये त्याच पित्याचं त्याच पुत्रावरचं प्रेम सांगताना अगापाओ. म्हणजे योहान हे दोन्ही शब्द जवळपास एकाच अर्थाने वापरतो, असं मानणारे पुष्कळ अभ्यासक आहेत ते उगाच नाही. आता कुठल्याही शब्दावर बोलण्याआधी त्या लेखकाने तो शब्द आणखी कुठे वापरलाय ते सगळं वाचून काढतो. साधन तेच, फक्त आणखी एक टिचकी. आळस माझा होता.

यूव्हर्शनचं बायबल ॲप बहुतेकांच्या फोनवर असतंच, त्यामुळे त्याचं वेगळं कौतुक करत नाही. एवढंच सांगतो की सगळीच भाषांतरं ऑफलाइन उतरवता येत नाहीत, तेव्हा नेटवर्क नसलेल्या ठिकाणी प्रार्थनासभेला जाणार असाल तर आदल्या दिवशी तपासा. नजर अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी 'बायबल डॉट इज' बसवून दिलं, त्यात वचन ऐकता येतं. एका आजोबांनी पहिल्याच आठवड्यात अख्खं लूकचं शुभवर्तमान ऐकून काढलं आणि पुढच्या भेटीत माझीच परीक्षा घेतली.

संपर्कासाठी व्हॉट्सॲपला पर्याय नाही, पण मी ते दोन वर्षं चुकीचं वापरत होतो. ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच मिळतो. पाहुणे म्हणून आलेल्या नव्या कुटुंबांनी माझा नंबर कशाला जतन केला असेल? म्हणजे ज्यांना निरोप पोचायला हवा होता नेमकी तीच माणसं सुटत होती, आणि मी समजत होतो की त्यांना रस नाही. आता नवीन माणसाला पहिल्या भेटीतच माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये भरायला सांगतो. साध्या गटातही अडचण होतीच: सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, आणि आमच्या काही भगिनींना ते नको होतं. व्हॉट्सॲपच्याच 'कम्युनिटी' या सोयीतल्या घोषणा-गटात सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, म्हणून जाहीर निरोप तिकडे हलवले.

आता भेटीगाठींची वही. ती गुगल शीट्सवर नेली: कोण आजारी आहे, कोण तीन रविवार दिसलं नाही, शेवटची भेट कोणी आणि कधी दिली. वडिलांपैकी चौघे ती भरतात. एकदा एकाने नावांचा रकाना तेवढाच अकारविल्हे लावला, बाकीचे तसेच राहिले. परिणामी शस्त्रक्रिया झालेल्याऐवजी भलत्याच गृहस्थांच्या घरी फळं घेऊन दोघे हजर! त्या गृहस्थांनी फळं आनंदाने ठेवून घेतली. तक्त्याच्या आवृत्ती-इतिहासात जाऊन आदल्या दिवशीची प्रत परत आणली, पाच मिनिटांचं काम.

प्रार्थना-विनंत्यांच्या बाबतीत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. ती यादी मी 'लिंक असेल त्या कोणालाही पाहता येईल' अशी ठेवली होती, आणि ती लिंक पुढे पुढे गेली. एका घरातली खासगी गोष्ट नातेवाइकांपर्यंत पोचली. चूक पूर्णपणे माझी. त्यांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. आता विनंतीच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न आहे: हे कोणाला कळलेलं चालेल? फक्त पाळक, प्रार्थना-गट की सगळी मंडळी. यादी नावानिशी ठरलेल्या तिघांनाच उघडते आणि तीन महिन्यांनी जुन्या विनंत्या पुसतो. काही गोष्टी तर मी तिथे लिहीतच नाही.

जे सुटलं ते थोडक्यात. मंडळी-व्यवस्थापनाचं एक सशुल्क सॉफ्टवेअर चार महिने चालवलं. सोयी ढीगभर, पण आमच्यातल्या एकालाही ते माझ्या मदतीशिवाय उघडता येईना. बंद केलं. एका एआय चॅटबॉटकडून संदेशाचा आराखडा घेऊन पाहिला, त्यात एका भाष्यकाराच्या नावावर दिलेलं वाक्य मला कुठेच सापडलं नाही. तेव्हापासून त्याच्याकडून फक्त सूचनांचं शुद्धलेखन तपासून घेतो. बोलून टंकन करायला छान वाटतं, पण बायबलमधल्या मफीबोशेथाच्या नावाचं काय होतं ते एकदा स्वतः करून बघा.

राहता राहिलं थेट प्रक्षेपण. त्यासाठीचं ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि त्याच्यात ताकद भरपूर आहे, पण शिकायला वेळ लागतो. दोन गोष्टी आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं. यूट्यूबवर पहिल्यांदा थेट प्रक्षेपण सुरू करायची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून रविवारी सकाळी खातं उघडू नका. आणि आवाज मिक्सरवरून थेट घेतला की तो चित्राच्या पुढे धावतो. ओबीएसमध्ये आवाज काही मिलिसेकंद मागे ढकलायची सोय आहे, टाळी वाजवून जुळवून घ्यायचा.

माझ्या प्रश्नात हे एकच साधन अजून नापास आहे. ओबीएस आजही मलाच चालवावं लागतं. सगळे पासवर्ड बंद पाकिटात खजिनदारांकडे दिलेत, गाणी तिघं सांभाळतात, भेटींची वही चौघं. पुढच्या महिन्यात मी दोन रविवार सुटीवर आहे. त्या दोन्ही रविवारी प्रक्षेपण होणार नाही, असं घरून पाहणाऱ्या ज्येष्ठांना आत्ताच फोन करून सांगितलंय, आणि त्यांच्या घरी कोणी जायचं तेही वहीत नोंदवलंय.