ह्युंदाईचे मोफत चोरी-प्रतिबंधक अपडेट : उपयोगी आहे, पण रिमोटने लॉक केले तरच

अमेरिकेतील राष्ट्रीय विमा गुन्हे ब्युरोच्या 2023 सालच्या यादीत सर्वाधिक चोरीला गेलेली गाडी ह्युंदाई एलांट्रा होती (48,445 चोऱ्या) आणि तिच्यामागोमाग त्याच कंपनीची सोनाटा. आदल्या वर्षी पहिल्या दोन जागा शेवरोले आणि फोर्डच्या पिकअप ट्रककडे होत्या. कामावर जाण्यासाठी आणि मुलांना शाळेत सोडण्यासाठी घेतलेल्या साध्या गाड्या या यादीच्या शिरोभागी आल्या, याचे कारण त्यांच्या किमतीत नसून त्यांच्यात न बसवलेल्या एका भागात होते.

किल्लीतील चिप ओळखल्याखेरीज इंजिन सुरू होऊ न देणारा इमोबिलायझर 2015 च्या मॉडेलांपैकी इतर कंपन्यांच्या 96 टक्के गाड्यांत मूळचाच होता. ह्युंदाई आणि किआ यांच्या मात्र केवळ 26 टक्के गाड्यांत. कॅनडाने तो 2007 पासूनच सक्तीचा केला होता. किल्लीविना या गाड्या सुरू करण्याचे व्हिडिओ अमेरिकेतील मिलवॉकी शहरापासून देशभर पसरल्यावर, फेब्रुवारी 2023 मध्ये दोन्ही कंपन्यांनी हे मोफत सॉफ्टवेअर अपडेट आणले.

आमच्या किल्लीवर चालणाऱ्या एलांट्रात ते बसवून घेतले. डीलरकडे तासाभराच्या आत काम झाले, पैसे लागले नाहीत आणि खिडकीच्या काचेवर इशाऱ्याचे स्टिकरही लावून मिळाले. चालवताना कोणताही फरक जाणवत नाही. चोरीचा इशारा देणारा भोंगा आता तीस सेकंदांऐवजी मिनिटभर वाजतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रिमोटने लॉक केलेली गाडी रिमोटनेच उघडल्याशिवाय सुरू होत नाही.

खरी गोम इथेच आहे. उतरताना दाराच्या आतले बटण दाबून दार लोटून देण्याची सवय अनेकांना असते, आणि तसे केल्यास दारे बंद होतात, पण नवे संरक्षण चालूच होत नाही. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे नीट समजावून सांगावे आणि रिमोटची बॅटरी वेळेवर बदलावी.

विम्याच्या दाव्यांचा अभ्यास करणाऱ्या हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूटला 2024 मध्ये असे आढळले की अपडेट केलेल्या गाड्यांच्या चोरीच्या दाव्यांचे प्रमाण 53 टक्क्यांनी कमी होते, परंतु तोडफोडीचे दावे 61 टक्क्यांनी अधिक होते. अपडेट झाले आहे हे चोराला काच फोडून आत शिरल्यावरच कळते, आणि तोवर मालकाचे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून बाहेरून ठळक दिसणारा स्टिअरिंग लॉकही मी रोज लावतो. रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्या कुणालाही केवळ अपडेटवर विसंबण्याचा सल्ला मी देणार नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. अपडेट नेमून दिलेले काम चोख करते, मात्र कारखान्यातच बसायला हवा होता अशा भागाची जागा ते पूर्णपणे भरून काढत नाही. शिकायला किंवा नोकरीसाठी येथे अमेरिकेत आलेल्या आणि 2011 ते 2022 दरम्यानची जुनी ह्युंदाई किंवा किआ घेऊ पाहणाऱ्या आपल्या मंडळींनी, गाडी बटणाने सुरू होते की किल्ली फिरवून, हे आधी पाहावे. किल्लीची असल्यास गाडीचा व्हीआयएन (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) डीलरला देऊन अपडेट झाले आहे का ते विचारावे आणि सौदा पक्का करण्यापूर्वी आपल्या पत्त्यावर विमा मिळतो का, याचीही खात्री करावी, कारण काही शहरांत विमा कंपन्यांनी या मॉडेलांना नव्याने विमा देणे थांबवले होते.