टीव्ही बंद, मोजून की मोकळा? अनस्कूलिंग करणाऱ्या घरासाठी तीन वाटा

शाळेचं वेळापत्रक, गृहपाठ, परीक्षा हे सगळं उंबऱ्याबाहेर ठेवलेले आईबाबाही टीव्हीपाशी आले की अडखळतात. मूल काय वाचेल, कधी वाचेल हे त्याच्यावर सोडायची आपली तयारी असते, रिमोट मात्र कपाटावर. आमच्या घरात आधी टीव्ही मोजून होता, मग मोकळा झाला. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपणार नाही. तो लक्षात ठेवूनच वाचा.

मुलाला शाळेत न घालता त्याच्या कलाने शिकू देणं, म्हणजे अनस्कूलिंग. हा शब्द रूढ केला अमेरिकी शिक्षणलेखक जॉन होल्ट यांनी. १९७७ मध्ये त्यांनी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक सुरू केलं. शिकणं आणि जगणं हे दोन वेगळे कप्पे नाहीत, हा त्यातला गाभा. पुढे काही कुटुंबांनी हे तत्त्व झोप, खाणं आणि टीव्हीलाही लावलं, काहींनी नाही लावलं. म्हणजे टीव्ही मोजून देता म्हणून तुमचं अनस्कूलिंग कच्चं, असं कुणी म्हणालं तर खुशाल सोडून द्या.

बंद

मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर फार विचार करायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. त्यामागचं एक कारण समजायला सोपं आहे: अगदी लहान मुलं समोरच्या माणसाकडून जे पटकन उचलतात, तेच स्क्रीनवरून उचलायला त्यांना जड जातं. तीनेक वर्षांपर्यंत हा फरक दिसतो.

मोठ्या मुलांच्या बाबतीत बंदीचा फायदा एवढाच की रोजची घासाघीस उरत नाही. पण टीव्ही जगातून जात नाही. दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर खेळणी, माणसं सगळं सोडून टीव्हीसमोर खिळून बसलेलं मूल पाहिलंत, की त्याच्या घरी काय नियम असेल हे सहसा ओळखता येतं.

मोजून

बहुतेक घरं इथे असतात, आम्हीही होतो. थोरली सात वर्षांची असताना रोज चाळीस मिनिटं ठरलेली. स्वयंपाकघरातला टायमर टीव्हीशेजारी. ही पोरगी पायाला पाय घट्ट आवळून बसायची, पण बाथरूमला उठायची नाही. तेवढी मिनिटं वाया गेली असती ना! धाकटा काही विचारायला आला की त्याच्याकडे न बघता, ‘नंतर!’

दुसरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. ती कार्यक्रम आवडीने निवडत नव्हती, मापाने निवडत होती. वीस मिनिटांची दोन कार्टून बरोबर बसतात. समुद्रावरचा पन्नास मिनिटांचा माहितीपट बसत नाही. आम्ही टीव्ही कमी व्हावा म्हणून नियम केला आणि त्या नियमाने नेमकं बरं काहीतरी बघणंच कापून टाकलं.

मोजून देण्याचा आणखी वाईट प्रकार म्हणजे बक्षीस: आधी अर्धा तास वाच, मग टीव्ही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना चित्रासाठी प्रमाणपत्र देऊ असं आधी सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळात ही मुलं इतरांच्या निम्म्यानेच चित्रांकडे वळली. पुस्तक ही टीव्हीची किंमत झाली, की पुस्तकाचं असंच होण्याची धास्ती वाटते.

तरीही मोजून देणं काही घरांना खरोखरच सोयीचं. आई किंवा बाबा एकटे मुलं सांभाळत असतील, घरात एकच टीव्ही आणि वेगवेगळ्या वयाची तिघं असतील, तर ठरलेली वेळ सगळ्यांना परवडते. फक्त मिनिटं मोजू नका, कार्यक्रम मोजा. गोष्ट अर्ध्यात तोडली जात नाही, एवढ्याने निम्मी भांडणं मिटतात.

मोकळा

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे: मोकळा टीव्ही म्हणजे पालकांना सुट्टी. उलट तिन्हींपैकी पालकांचा सर्वाधिक वेळ खाणारी हीच वाट. टायमर असताना मी चाळीस मिनिटं दुसऱ्या खोलीत कामं उरकायचे. टायमर गेला आणि मला शेजारी बसावं लागलं.

तो राहिलेला माहितीपट आम्ही मग लावला. एका दृश्यात ऑक्टोपस खडकावर टेकतो आणि क्षणात खडकासारखा होतो. हिने थांबवलं, मागे नेलं. पुन्हा. सातव्या वेळी विचारलं, ‘त्याला स्वतःचा रंग दिसतो का?’ मला कुठलं माहीत? आम्ही शोधलं. ऑक्टोपसच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशींचा एकच प्रकार असतो; आपल्यासारखे रंग वेगळे करून बघण्याची सोय त्यात नाही. मग तो रंग जुळवतो कसा, हे शास्त्रज्ञांनाही पुरतं उलगडलेलं नाही. त्यावर ती इतकी खूश झाली की रात्री जेवताना धाकट्याला डोळे मिटून रंग ओळखायला लावत होती. रिमोटवरचं थांबवायचं बटण मला तेव्हापासून चालू करायच्या बटणापेक्षा मोलाचं वाटतं.

याच महिन्यात तिने एका कार्टूनचे बारा भाग ओळीने बघितले आणि त्यातलं तिला धड काही सांगता आलं नाही, हेही सांगते. प्रत्येक भागातून मूल काहीतरी शिकलंच असं दाखवायची घाई करू नये. कार्टून संपल्यावर प्रश्न विचारायला बसलात, तर शाळा मागच्या दाराने आत आलीच.

‘मूल टीव्हीपुढे मख्ख बसतं’ या काळजीवर एक जुना अभ्यास मला आवडतो. १९७९ मध्ये लॉर्च, अँडरसन आणि लेव्हिन यांनी पाच वर्षांच्या मुलांना ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा टीव्ही कार्यक्रम दाखवला. काहींजवळ खेळणी ठेवली, काहींजवळ नाही. खेळणी नसलेल्या मुलांची नजर ८७ टक्के वेळ टीव्हीवर होती, खेळणी असलेल्यांची ४४ टक्के. समजलं मात्र दोघांना सारखंच. खेळता खेळता कुठे मान वर करायची हे मुलं आवाजावरून हेरत होती. म्हणून आमच्याकडे टीव्हीसमोरच्या सतरंजीवर ठोकळे, कागद, चिकणमाती पसरलेलीच असते. टायमरच्या काळात ही पोरगी ठोकळ्यांना हात लावत नव्हती.

पण मोठ्यांचा टीव्ही उगाच मागे चालू राहणं ही वेगळीच गोष्ट. एक ते तीन वर्षांच्या मुलांमागे मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू ठेवून पाहिलं, तेव्हा त्यांचं खेळणं तुटक झालेलं दिसलं. २००८ चा हा अभ्यास. मागे टीव्ही असला की पालक मुलांशी कमी बोलतात, हेही पुढे दिसलं. मोकळा टीव्ही म्हणजे दिवसभर चालू टीव्ही नव्हे. कुणी बघत नसेल तर बंद.

आणखी एक अट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मोकळ्या टीव्हीचे बरेच सल्ले ज्या काळातले आहेत, तेव्हा कार्यक्रम संपायचा. आता एक भाग संपायच्या आत पुढचा सुरू होतो. मुलाने अजून बघायचं ठरवलं की यंत्राने, हे कळायलाच जागा राहत नाही. आपोआप पुढचा भाग लावण्याची सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. तेवढी तयारी नसेल तर सरळ मोजूनच द्या. झोपायच्या खोलीत टीव्ही नको, हे मात्र तिन्ही वाटांवर सारखंच. आमच्याकडे तो नियमच आहे, त्यावर चर्चा नाही.

मग ठरवायचं कसं?

माझं मत विचाराल तर: धाकटं मूल दोनच्या आत असेल तर ते जागं असताना बंद. दोन ते पाच, किंवा शेजारी बसायला तुम्हाला वेळच नसेल, तर कार्यक्रम मोजून. पाच-सहाच्या पुढे, बसायची तयारी असेल आणि मुलाकडे करण्यासारखं इतर बरंच काही असेल, तर मोकळा. यातलं ‘इतर बरंच काही’ फार महत्त्वाचं आहे. घरात दुसरं काहीच घडत नसेल तर मूल टीव्हीच निवडणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

मोजून असलेला टीव्ही मोकळा करणार असाल तर सुरुवातीला मूल सकाळपासून बसेल. आमची थोरली जवळपास पाच आठवडे बसली. चौथ्या आठवड्यात मी रिमोट परत कपाटावर ठेवायला उठलेही होते. शाळा सोडलेल्या मुलाला सावरायला, शाळेच्या दर वर्षामागे महिनाभर द्यावा असा अनस्कूलिंगवाल्यांमध्ये ढोबळ हिशेब आहे; टीव्हीलाही साधारण असाच धीर लागतो. तुमच्या कामाची मुदत तोंडावर आली असेल किंवा घरात पाहुणे यायचे असतील, तो महिना यासाठी निवडू नका.