ब्राउझरमधल्या जाहिराती: हाताने काढायच्या, टूलने, की थेट फॉरमॅट?

लासलगावचा कांद्याचा भाव बघायला साइट उघडावी तर शेजारी भलताच टॅब उघडतो. मुक्त विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका कुठल्यातरी साइटवरून उतरवल्या, की दुसऱ्या दिवसापासून गूगलऐवजी अनोळखी सर्च दिसायला लागतो. अशा वेळी नाशकात पहिला सल्ला ठरलेला असतो: एम. जी. रोडच्या दुकानात नेऊन फॉरमॅट मारून आण, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून आण. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. त्रास नेमका कुठून येतोय ते आधी बघा, मार्ग त्यावरून ठरवा.

आधी ही चौकट बघा

स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडले’ अशी चौकट येत असेल, तर ती जवळून वाचा. तिच्यात ब्राउझरचं नाव आणि बारीक अक्षरात एखाद्या साइटचा पत्ता दिसला, तर ते साइटचं नोटिफिकेशन आहे. ‘मी रोबोट नाही’ म्हणत कुठेतरी ‘अलाऊ’ दाबलं गेलेलं असतं. ही फक्त परवानगी आहे, फाइल नाही, त्यामुळे स्कॅनरला बरेचदा काहीच सापडत नाही. क्रोममध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स असं जा आणि परवानगीच्या यादीतली अनोळखी नावं काढून टाका. दोन मिनिटांचं काम आहे, त्यासाठी पैसे मोजू नका.

हाताने सफाई की ॲडडब्ल्यूक्लीनर?

खरी निवड या दोघांत आहे: स्वतः शोधून काढायचं, की ॲडडब्ल्यूक्लीनर या ॲडवेअर म्हणजे जाहिराती घुसवणारे प्रोग्राम काढणाऱ्या टूलला सांगायचं. हाताने करताना क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते. आधी विंडोजच्या सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्समध्ये यादी तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या दिवशी आलेले नको असलेले प्रोग्राम काढा. फुकटचे पीडीएफ कन्व्हर्टर आणि ड्रायव्हर अपडेटर यांच्याकडे आधी बघा. एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, त्यानंतर काढा. उलट केलंत तर प्रोग्राम एक्स्टेन्शन पुन्हा बसवतो. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधली ‘टार्गेट’ची ओळ शेवटपर्यंत वाचा. ‘क्रोम डॉट ईएक्सई’च्या पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तेवढाच खोडा. ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये लॉगिन होताच अनोळखी पान उघडणारं काम आहे का, तेही बघा.

एक्स्टेन्शनला ‘रिमूव्ह’चं बटणच नसेल आणि घरच्या कॉम्प्युटरवर ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ असं येत असेल, तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, पॉलिसी म्हणजे ब्राउझरवर लादलेला नियम घातलेला असू शकतो. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी घालतात. अंबड-सातपूरच्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. रजिस्ट्रीची सवय नसेल तर इथे हाताने करणं सोडा आणि ॲडडब्ल्यूक्लीनर घ्या.

हे टूल फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि २०१६पासून मालवेअरबाइट्सकडे आहे. त्यांच्याच साइटवरून उतरवा, कारण सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारी जाहिरात नकली असू शकते. उघडी कामं सेव्ह करा, स्कॅन करा, यादी वाचा, क्वारंटाइन करा (म्हणजे सापडलेलं बाजूला कोंडून ठेवा), रीस्टार्ट करा. यादीत ‘प्रीइन्स्टॉल्ड सॉफ्टवेअर’ वेगळं दाखवतात. ती लॅपटॉप कंपनीची स्वतःची टूल्स असतात, सरसकट टिक करू नका. चुकून काही गेलंच तर क्वारंटाइनमधून परत आणता येतं. मात्र हे टूल पहारा देत नाही, सांगाल तेव्हाच तपासतं.

दोन्ही मार्गांत एक गोष्ट हमखास राहते, ती म्हणजे सिंक, गूगल खात्यातून सगळ्या कॉम्प्युटरवरचं क्रोम सारखं ठेवणारी सोय. सफाईआधी क्रोमचं सिंक बंद करा. त्याच खात्यावरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते एक्स्टेन्शन असेल तर तिथूनही काढा, नाहीतर संध्याकाळी ते परत हजर.

जुन्या व्हिडिओंत क्रोमचंच ‘क्लीन अप कॉम्प्युटर’ दाखवतात. ते मार्च २०२३मध्ये, १११व्या आवृत्तीपासून काढून टाकलं आहे. ‘रीसेट सेटिंग्ज’ अजून आहे. त्यात बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, पण एक्स्टेन्शन फक्त बंद होतात, जात नाहीत.

डिफेंडर

हा मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस विंडोजमध्येच असतो. ‘ॲप अँड ब्राउझर कंट्रोल’मधल्या रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शनमध्ये नको असलेली ॲप्स रोखण्याचा पर्याय चालू ठेवा. क्विक हीलसारखा दुसरा अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर बाजूला होतो. मी याला सफाईपेक्षा राखण म्हणून जास्त मानतो. एक जागा मात्र नक्की तपासा: एक्सक्लूजन्स, म्हणजे तपासणीतून वगळलेल्या जागांची यादी. चोरीचं ऑफिस चालवणारे ॲक्टिव्हेटर तिथे स्वतःचं फोल्डर घालून ठेवतात आणि मग त्या फोल्डरकडे डिफेंडर बघतच नाही. डिफेंडरच्या ऑफलाइन स्कॅनला, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या तपासणीला, साधारण पंधरा मिनिटं लागतात. लॅपटॉप चार्जरला लावा, मधेच लाइट गेली तर पंचाईत नको.

फॉरमॅट

दुकानदाराला सोपं, तुम्हाला महाग. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स आधी सरेंडर करावं लागतं. नंतर डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, जीएसटीच्या साइटवर डिजिटल सही करण्यासाठीचा एमसाइनर आणि प्रिंटर पुन्हा बसवा. जीएसटी भरायच्या शेवटच्या आठवड्यात हे अजिबात करू नका. कंपनीच्या रिकव्हरीतून फॉरमॅट केला तर कंपनीने भरून दिलेलं सगळं परत येतं. २०१४-१५मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपवर सुपरफिश हे ॲडवेअर कारखान्यातूनच आलं होतं. म्हणून ‘रीसेट धिस पीसी’मधलं क्लाउड डाउनलोड बरं, फक्त ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. दुकानात देणार असाल तर ‘ओरिजिनल विंडोजच टाका, ॲक्टिव्हेटर नको’ असं आधीच बजावा. डिजिटल लायसन्स असेल तर त्याच मशीनवर विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

फॉरमॅट योग्य ठरतो तो दोनच वेळा: वरचं सगळं नीट करूनही त्रास परतला, किंवा कुणी रिमोटने कॉम्प्युटरमध्ये शिरलं असेल. दुसऱ्या बाबतीत बँकेचे आणि मेलचे पासवर्ड लगेच दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदला.

आणि त्याच वायफायवर घरातल्या सगळ्या मोबाइलवरही तसलीच पानं उघडत असतील, पण मोबाइल डेटावर नाही, तर कॉम्प्युटर सोडा आणि राउटर बघा. त्यातला डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधणारी सेटिंग, बदललेला असू शकतो. राउटर फॅक्टरी रीसेट करा आणि ॲडमिनचा पासवर्ड बदला. त्याआधी इंटरनेटवाल्याकडून कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्ड मागून ठेवा, नाहीतर रीसेटनंतर नेटच सुरू होणार नाही.