कॅव्हॅन्साइट घ्यावं की पेंटागोनाइट?

दोन्ही खनिजं निळी, दोन्ही ठिसूळ आणि दोन्हींचे जगातले सर्वांत देखणे नमुने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले. त्यात रासायनिक सूत्रही एकच. त्यामुळे संग्रहासाठी पहिला निळा नमुना घेणारा हमखास अडखळतो. पेंटागोनाइट दोघांत जास्त दुर्मिळ, म्हणून महाग; मग चिठ्ठीवर तेच नाव असलं की हात तिकडे वळतो. तो वळण्याआधी दहापट मोठं दाखवणारं भिंग हातात घ्या.

कॅव्हॅन्साइट हे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या सुरुवातीच्या अक्षरांतून जुळवलंय. दोन्ही खनिजं आधी अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये सापडली आणि १९७३ साली त्यांचं वर्णन एकत्रच प्रसिद्ध झालं. वाघोलीचे ठसठशीत स्फटिक त्यानंतर जगासमोर आले.

घडण दोघांची एकाच घरातली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थरावर थर पसरत गेला. तो थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, भेगा पडल्या. पुढे गरम पाणी त्यांतून झिरपलं आणि स्टिल्बाइट, हॉयलँडाइटसारखे झिओलाइट, म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवणारी सिलिकेट खनिजं, भिंतींवर जमले. त्या पाण्यात व्हॅनेडियम होतं तिथेच हा निळा रंग उमलला. फरक आहे तो अणूंच्या मांडणीत. सिलिकाच्या चौफलकांच्या (एका सिलिकॉनभोवती चार ऑक्सिजन अशा चौमुखी गटांच्या) कड्या कॅव्हॅन्साइटमध्ये चार-चार आणि आठ-आठच्या, तर पेंटागोनाइटमध्ये सहा-सहाच्या असतात. पेंटागोनाइट तुलनेनं जास्त तापमानाला घडणारं रूप मानलं जातं.

म्हणूनच रंगावरून निवाडा करू नका. ओळख पटते ती आकारावरून. कॅव्हॅन्साइटचे बारीक स्फटिक एका केंद्रातून चहूकडे फुटतात आणि त्यांचा गोंडा किंवा गोळा होतो. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला तो गर्द निळा गोंडा एकदा पाहिला की विसरत नाही. पेंटागोनाइटचे स्फटिक लांबट, पात्यासारखे आणि बरेचदा सुटे उभे असतात. त्यातल्या एखाद्याचं टोक नेमकं समोर येईल असा दगड फिरवा. पाच जुळे स्फटिक एकमेकांत गुंतून पाच कोनांची चांदणी दिसली, तर ते पेंटागोनाइट. नावही त्या चांदणीवरूनच पडलंय. चांदणी दिसत नसेल आणि विकणाऱ्याकडे तपासणीचा पुरावा नसेल, तर मी कॅव्हॅन्साइटपेक्षा एक पैसाही जास्त देणार नाही. खात्रीचा निकाल क्ष-किरण विवर्तनानेच, म्हणजे क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासूनच लागतो. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली जाणकाराला एक खूण मिळते: कॅव्हॅन्साइट प्रकाशीयदृष्ट्या धन, पेंटागोनाइट ऋण (स्फटिकातून प्रकाश कसा जातो, यावरून ठरणारी ही चिन्हं).

मोहसच्या १ ते १० या मापावर काठिण्य दोघांचंही ३ ते ४, त्यामुळे अंगठीत किंवा लोलकात दोन्ही टिकणार नाहीत. दागिना हवा असेल तर हा नाद सोडलेलाच बरा.

पहिलाच नमुना असेल तर माझं मत ठामपणे कॅव्हॅन्साइटच्या बाजूनं. निवड करायला मिळते, फसण्याचा धोका कमी, आणि सौंदर्यात ते रतीभरही उणं नाही. ज्याच्याकडे ते आधीच आहे आणि ज्याला त्या चांदणीचा ध्यास लागलाय, त्यानं पेंटागोनाइटच्या मागे जावं. मग लहान तुकडा चालेल, पण टोकं शाबूत हवीत.

कॅव्हॅन्साइट घेताना एक गोष्ट मात्र बारकाईनं बघा. खाणीत निसटलेले गोंडे पुन्हा स्टिल्बाइटवर चिकटवून विकले जातात. गोंड्याच्या बुडाशी भिंग न्या. स्फटिक दगडातून उगवल्यासारखे दिसायला हवेत. चकचकीत पातळ थर किंवा अडकलेला बुडबुडा दिसला तर तो डिंक. अतिनील दिव्याखाली बरेचसे डिंक उजळतात, तेव्हा विकणाऱ्याला विचारून अंधारात एकदा दिवा धरून बघाच.